मेलेल्या माणसाचा श्वास

दिवाळी आटोपली की आमच्या वऱ्हाडात हवेत कापूस उडायला लागतो आणि मला माणसं मरताना आठवतात. अकोटच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या जिनिंगच्या कारखान्याकडे निघतात, मागून पांढरे पुंजके सुटत जातात आणि रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून बसतात. सकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं, दुपारी मात्र डोकं भणभणेल असं ऊन. बाकीच्यांना या दिवसांत सीताफळं आठवतात, शिंगाडे आठवतात, माहेर आठवतं. मला मरणं आठवतात. घाबरू नका, बहुतेक सगळी खोटी आहेत. सिनेमातली, नाटकातली, कादंबरीतली. एकच खरं आहे.

त्या खऱ्याचं आधीच सांगून टाकते, उगाच ताणण्यात काही अर्थ नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत, अमरावतीच्या आमच्या घरी, मी माझ्या नवऱ्याला चार दिवस मरू दिलं नाही. निदान मला तसं वाटतं. माझी मुलगी मीनल म्हणते, आई, असं काही नसतं. डॉक्टरांनीही मला समोर बसवून समजावून सांगितलं. सांगितलेलं मला समजतं, मी तेहेतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय. पण समजणं वेगळं आणि पटणं वेगळं. त्या चार दिवसांत मी त्याला सोबत केली की छळलं, एवढं एकच मला कळायला हवं आहे, आणि सांगू शकणारा माणूस तर निघून गेला.

माझं लहानपण अकोल्याचं. आमच्या घरात खोट्या मरणाचंही सुतक पाळत. हसू नका, खरंच पाळत. माझी माय मॅटिनीला जायची, शेजारच्या दोघी-तिघींना घेऊन, आणि मला. परत आल्यावर अंगणात बादली भरून ठेवलेली असायची. सिनेमात खलनायक मेला असेल तर नुसते पाय धुवायचे आणि आत यायचं. नायकाचा मित्र मेला असेल तर पाय धुवायचे आणि तोंडही. पण सिनेमातली आई मेली, तर मात्र अंगणातल्या कडुलिंबाचा पाला चावून थुंकायचा, मगच उंबरा ओलांडायचा. वडील ओसरीवर बसून हसायचे, म्हणायचे, अगं, ती बाई आत्ता घरी बसून जेवत असेल. माय म्हणायची, "आपन रडलो ना? मंग झालं तं." तिच्या लेखी डोळ्यांतलं पाणी खरं होतं, म्हणजे मरणही खरं होतं. मला अजून या हिशेबात चूक सापडलेली नाही.

माय होती मोठी चोखंदळ. पोटात गोळी लागलेला माणूस दहा मिनिटं बोलत राहिला की ती पदराआडून म्हणायची, मरनाऱ्याले एवढी फुरसत कुठून आली? सगळं सांगतो, आणि जे सांगायचं तेवढंच राहून जातं. पिंजऱ्यातून पाखरू उडालं, वाऱ्यानं दिवा विझला, हातातली जपमाळ गळून पडली, की आमच्या बायकांच्या बाजूला हुंदके सुरू. माय तेव्हा रडायची नाही. तिला रडू यायचं ते नंतर, जेव्हा पडद्यावर कुणीतरी मेलेल्याचं पांघरूण नीट करायचं, किंवा त्याच्या चपला उचलून बाजूला ठेवायचं. ती रडली की मी समजायची, आज कडुलिंब.

पुढं मी वाचायला लागले तेव्हा कादंबरीतल्या मरणांनी धरलं. एकदा अकोटहून अकोल्याला एसटीत बसून वाचत होते. वाटेत कुठंतरी, अगदी ऐन पानात, नायिका गेली. तापानं, एकटी, शेवटी कुणाचं नावही न घेता. गाडी स्टँडवर लागली, सगळे उतरले, मी बसूनच. कंडक्टर जवळ आला. म्हातारा माणूस होता. कोन गेलं बाई, म्हणाला. आता त्याला काय सांगू की पुस्तकातली बाई गेली. मी म्हटलं, बहीण. तो माणूस माझ्याजवळच्या सीटवर गप्प बसून राहिला, गाडी धुवायला न्यायची होती तरी. त्या मार्गावर पुढं वर्षभर तो भेटला की विचारायचा, माय सावरली ना आता? आणि मी, मला मुळात बहीण नाहीच, मान डोलवायची. त्या नसलेल्या बहिणीचं दुःख आम्ही दोघांनी वर्षभर वाटून घेतलं. पुढं पुढं तर मला तिचा चेहराही दिसायला लागला होता, कपाळावर एक लहानसा वण असलेला. खोटं मेलेलं माणूस असं हळूच येऊन घरात राहायला लागतं.

पण हे सगळं झालं प्रेक्षक म्हणून. मरणाच्या प्रसंगाच्या मागच्या बाजूला मी गेले ती एका हिवाळ्यात. तो हंगाम माझ्या आयुष्यातून काही जात नाही.

मी तेव्हा अकोल्यात नुकतीच शाळेत लागले होते. गावात एक हौशी नाटकमंडळी होती. दिग्दर्शक एक वकील, आम्ही सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणायचो. दसऱ्यानंतर तालमी सुरू व्हायच्या, शाळा सुटल्यावर, शाळेच्याच एका वर्गात, बाकं भिंतीला लावून. मी गेले होते काम मिळेल म्हणून. वकीलसाहेबांनी माझं वाचन ऐकलं, म्हणाले, वाचता छान, पण आवाज पुढच्या रांगेपलीकडे जायचा नाही. तुम्ही प्रॉम्प्टिंग करा. झालं. हातात वही आली, विंगेत एक बुटकं स्टूल मिळालं.

नाटक वकीलसाहेबांनीच लिहिलेलं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी घरातला म्हातारा दिवाणावर पडल्या पडल्या मरतो आणि तिसरा अंक सबंध त्याच्या प्रेताभोवती. दोघी मुली बसल्यात, मुंबईहून भावाची वाट बघतायत, आणि बोलता बोलता एकमेकींची उणीदुणी काढतायत. चांगली बावीस मिनिटं. म्हातारा झाला होता गावंडे. वय सत्तावीस, सरकारी कचेरीत कारकून, गाव भातकुलीकडचं. केसांना पांढरं लावलं आणि डोळे मिटले की हुबेहूब म्हातारा दिसायचा. मरायचा तर इतका सुंदर की तालमीत मुली संवाद विसरायच्या. ना हात झटकणं, ना मान टाकणं. बोलता बोलता एका शब्दानंतर पुढचा शब्द यायचाच नाही, बस. आपण वाट बघत राहायचं, आणि मग कळायचं की आता येणार नाही.

अडचण नंतरची होती. मेलेला माणूस बावीस मिनिटं श्वास कसा लपवणार? कुणी म्हटलं, तोंडावर चादर घाला. वकीलसाहेब ऐकेनात. म्हणाले, तोंड झाकलं की मेलेला माणूस सामान होतो, मला तो माणूस हवा आहे. पहिला प्रयोग भातकुलीला, गावंडेच्या लोकांसमोर. तिसरा अंक ऐन रंगात, धाकटी मुलगी बापाच्या पायाशी डोकं टेकून रडतेय, आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "बुढा तं जित्ता हाय ना माय." सगळा मंडप हसला. धाकटी मुलगी हसली. एकटा गावंडे तेवढा हसला नाही. पडदा पडेपर्यंत तो मेलेलाच राहिला आणि उठल्यावर कुणाशी बोलला नाही.

त्यावर तोड वकीलसाहेबांनीच काढली. त्यांचं म्हणणं, प्रेक्षक सगळा वेळ प्रेताकडे बघत नाही. कुणी ओरडलं, उठून चाललं, काही पडलं की नजर तिकडे जाते, तेवढ्यात श्वास घ्यायचा. पण डोळे मिटलेल्याला नजरा कुठं आहेत ते कसं कळणार? ते विंगेतून दिसतं. म्हणजे मला. दिवाणाचं डोक्याकडचं टोक विंगेला लागून होतं. मी स्टुलावर बसून दिवाणाच्या फळीवर बोटानं एकदा हलकेच वाजवायचं. आवाज कुणाला जायचा नाही, पण लाकडातून त्याच्या पाठीला लागायचं. लागलं की त्यानं नाकानं एक श्वास घ्यायचा, छाती न हलवता. एक टिचकी, एक श्वास.

मला आधी गंमत वाटली. डाव्या मांडीवर वही, उजवा हात फळीवर, डोळे प्रेक्षकांवर. मोठी बहीण खिडकीकडे गेली, टिचकी. दाराची कडी वाजली, टिचकी. दोन-तीन प्रयोगांत हात असा बसला की मी न ठरवता वाजवायला लागले. मग एक लक्षात आलं, की मी पण त्याच्याबरोबरच श्वास घेतेय. दोन टिचक्यांमधलं अंतर वाढलं की माझीही छाती भरून यायची. पडदा पडला की आम्ही दोघंच धापा टाकत असायचो, आणि बाकीचे चहा प्यायला गेलेले.

अमरावतीच्या प्रयोगाला ती चूक झाली. माझीच. त्या दिवशी धाकटीचं काम करणारी मुलगी अशी काही रडली की मी वही विसरले, प्रेक्षक विसरले, हात फळीवर तसाच राहिला. ती बापाच्या अंगावरची चादर सारखी करत होती आणि मला माय दिसली, सिनेमातली, पदर तोंडाला लावलेली. किती वेळ गेला सांगता येत नाही. भानावर आले आणि गावंडेकडे बघितलं. पिवळ्या उजेडात त्याचे ओठ वेगळेच दिसत होते. छाती निवांत, तोंडावर कसलाही ताण नाही. नाटकातला मेलेला माणूस मी इतक्या वेळा जवळून बघितला होता, पण हा तो नव्हता. मी फळीवर वाजवलं. त्याच क्षणी त्यानं श्वास घेतला, अगदी नेहमीसारखा, नाकानं, हळूच.

पडदा पडल्यावर मी त्याला धरून हलवलं. रागानं रडूच येत होतं. म्हटलं, मी विसरले तर तुम्ही तरी घ्यायचा होता. त्यानं माझ्याकडे शांतपणे बघितलं. म्हणाला, "तू वाजवलंच नाई तं मी कायले घेऊ?" मी म्हटलं, त्रास नाही झाला? तर म्हणे, नाई. बरं वाटून राह्यलं होतं.

या माणसाशी मी लग्न केलं. का केलं ते विचारू नका, मलाही नीट सांगता यायचं नाही. दोन्ही घरांनी थोडा थयथयाट केला आणि मग शांत झाली. मला अमरावतीत शाळा मिळाली, त्यानं बदली मागून घेतली, मीनल झाली, नाटक मागं पडलं. लोकांसमोर मी त्याला अहो म्हटलं, नावानं कधी हाक मारली नाही, मनात मात्र तो कायम गावंडेच राहिला. चारचौघांसारखा संसार झाला. एकच गोष्ट चारचौघांसारखी नव्हती. मी पेपर तपासायला बसले की सवयीनं टेबलावर बोटं वाजवायची. एकदा आतल्या खोलीतून त्याचा आवाज आला, "हळू वाजव ना मास्तरीण, धाप लागून राह्यली मले." मी हसले. तो चेष्टा करत होता हे मला माहीत होतं. तरी उठून बघून आले. तो खाटेवर पडून पेपर वाचत होता, आणि छाती खरोखर भराभरा हलत होती. त्या दिवसापासून मी घरात बोटं वाजवणं सोडलं. डबा उघडताना, कढईवर डाव आपटताना, दारावर थाप मारतानाही जपायची. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, वेड्यात काढलं असतं.

सिनेमे मात्र वाया गेले. कुणी मेलं की माझे डोळे त्याच्या छातीवर. थोडा वेळ गेला की श्वास दिसतोच. केवढ्याही मोठ्या नटाचा दिसतो. शर्टाचं बटण किंचित वर येतं, गळ्याशी काहीतरी हलतं. सगळं थिएटर रडतंय आणि मी शोधतेय की याच्या फळीवर कोण वाजवतंय. गावंडे शेजारी बसून पुटपुटायचा, चुकला, फार लवकर घेतला. आम्ही दोघं हसायचो आणि पुढच्या रांगेतले लोक रागानं मागं वळून बघायचे. असं करत आम्ही किती मरणं बघितली असतील, मोजता येणार नाहीत. मालिका आल्यावर तर विचारूच नका. मालिकेतला माणूस सोमवारी मरायला लागतो तो शनिवारपर्यंत मरत असतो. गावंडे म्हणायचा, याले कोनी जाऊच देत नाई बिचाऱ्याले.

दोन वर्षांपूर्वी त्याची फुप्फुसं कुरकुरायला लागली. गेल्या वर्षी भाऊबीज झाली आणि दवाखान्यातून सांगितलं, घरी न्या. त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. भाड्यानं लोखंडी कॉट आणली, समोरच्या खोलीत लावली, ऑक्सिजनचं मशीन लावलं. मीनल अकोल्याला बँकेत असते, ती रजा टाकून आली. डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, आजचा दिवस, फार तर उद्याची सकाळ.

दुपारचे तीन असतील. बाहेर ऊन इतकं की अंगणातली फरशी डोळ्याला लागत होती. मशीन घुरघुरत होतं. गावंडे शुद्धीत नव्हता, किंवा असला तरी आमच्यापर्यंत येत नव्हता. श्वास येत होते, मग मोठी विश्रांती, मग परत येत होते. अशाच एका विश्रांतीत मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. ओठ वेगळे दिसले. तोंडावर कसलाही ताण नाही. हे मी आधी बघितलं होतं, अमरावतीतच, पिवळ्या उजेडात. माझा हात कॉटच्या दांडीवर होता. मी वाजवलं.

त्यानं श्वास घेतला. नाकानं, हळूच, छाती न हलवता.

मला वाटलं, योगायोग. परत विश्रांती आली, मी वाट बघितली, वाट बघवेना, वाजवलं. घेतला. मग मी वाट बघायचं सोडून दिलं. मीनल चहा घेऊन आली, मी डाव्या हातानं प्यायले. तिला वाटलं मी मनातल्या मनात काही म्हणतेय आणि दांडीवर ताल धरलाय. तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, बघून आश्चर्य वाटल्यासारखं केलं, म्हणाले, चिवट आहेत. तिसऱ्या दिवशी परत तेच. मी त्या कॉटपाशी जेवत होते, तिथंच बसल्या बसल्या डुलकी घेत होते, आणि डुलकीतही बोट चालू. आंघोळीला उठले नाही. मीनल म्हणाली थोडा वेळ मी बसते, तर तिच्यावर खेकसले. माझ्या आयुष्यात मी कुणाला इतकं वाईट बोलले नसेन.

आणि गावंडे? त्याचं सांगायला नको वाटतं. तोंड कोरडं पडलं होतं, कितीही पाणी लावलं तरी. पाठीला जखमा झाल्या होत्या. अधूनमधून घशातून एक आवाज यायचा, नाटकात त्यानं कधी काढला नसता असा. खोट्या मरणाची एक बरी गोष्ट असते, कुणीतरी बसून ते किती लांबवायचं हे ठरवलेलं असतं. इथं ठरवणारी मी होते. हे मला तिसऱ्या दिवशी दुपारी नीट कळलं, आणि कळूनही हात थांबला नाही. भीती वाटत होती. त्याच्या जाण्याची नव्हे. मी थांबले आणि तो गेला, तर ते मीच केलं असं होईल, याची.

त्या संध्याकाळी मी मीनलला सगळं सांगितलं. दिवाण, फळी, टिचकी, सगळं. तिनं ऐकून घेतलं. ती बापासारखी आहे, चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. म्हणाली, शेवटच्या दिवसांत श्वास असाच होतो, थांबतो आणि सुरू होतो, तू वाजवलंस काय, न वाजवलंस काय. मी म्हटलं, मग बघू थांबून? ती म्हणाली, "आई, बाबा दमले असतील गं." एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली.

चौथ्या दिवशी दुपारी, ऊन तसंच, मी कॉटवरून हात काढला. दोन्ही हातांनी त्याचा हात धरला, म्हणजे माझ्याकडे वाजवायला हात उरणार नाही. मीनल पायथ्याशी उभी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलीसमोर मी त्याचा हात असा कधी धरला नव्हता. विश्रांती आली. लांबली. आणि त्यानं श्वास घेतला. मग परत विश्रांती, परत श्वास. तिसरा. मी न वाजवता. मला वाटलं, बघ, मीनलचंच खरं, मी उगाच चार दिवस... आणि मग चौथा आलाच नाही. मीनलनं घड्याळाकडे बघून वेळ सांगितली. मी म्हटलं, थांब अजून. आम्ही दोघी ऊन उतरेपर्यंत त्याच्या छातीकडे बघत बसलो.

त्या तीन श्वासांवर मी हे वर्ष काढलं. एक दिवस वाटायचं, ते त्याचे स्वतःचे होते, म्हणजे आधीचेही त्याचेच, माझ्या बोटाचा काही संबंध नाही. दुसऱ्या दिवशी वाटायचं, तसं नाही, ते तीन मागच्या टिचक्यांचे उरलेले होते. कुणाला विचारणार? मीनलकडे विषय काढला की ती म्हणायची, आई, सोड ना आता.

परवा दुपारी मीनल आली होती, बापाचं वर्षश्राद्ध आटोपायला. कामं झाली, पाहुणे गेले, आम्ही दोघी टीव्हीपुढे बसलो. मालिकेत कुणाचा तरी आजोबा मरत होता. सोमवारपासून मरत असावा. सगळं घर भोवती जमलेलं, मागं बासरी. मी बघितलं, ती पण बघत होती, आजोबाच्या छातीकडे. श्वास दिसला. दोघींना एकदमच दिसला. मी हसले. ती हसली नाही.

"आई," ती म्हणाली, "ते तीन माझे होते."

मला आधी समजलंच नाही.

"मी पायथ्याशी होते ना. माझा हात दांडीवर होता. तू हात काढलास आणि मला राहवलं नाही. मी वाजवलं. तीनदा."

टीव्हीवर रडारड सुरू झाली होती. मी तो बंद केला. एवढी शिकलेली, बँकेतली, वर्षभर मला समजावणारी माझी मुलगी खाली मान घालून बसली होती. तिचं बोट सोफ्याच्या हातावर होतं आणि ती ते दुसऱ्या हातानं दाबून धरत होती. मी विचारलं, मग तू थांबलीस का? चौथ्याला का नाही वाजवलंस?

"वाजवलं ना," ती म्हणाली. "चौथ्यालाही वाजवलं. पाचव्यालाही. तू वेळ विचारली नव्हतीस, मीच सांगितली, कारण मला ते थांबवायचं होतं. बाबांनी घेतलाच नाही."

मी उठले, स्वयंपाकघरात गेले, ओट्याला धरून उभी राहिले. मला गावंडेचा असा काही राग आला की काय सांगू. त्या सबंध हंगामात, एवढ्या प्रयोगांत, त्यानं माझी एकही खूण चुकवली नव्हती. वाजलं की घेणार, हा त्याचा धर्म होता. आणि शेवटी मुलीनं वाजवलेलं नीट ऐकून, पाठीला लागलेलं असूनही, त्यानं सरळ नाही म्हटलं. त्याला जायचं होतं, आणि तो त्याचा तो गेला. आधीचे चार दिवस राहिला तोही मग त्याचा तोच राहिला असणार, मी बोलावलं म्हणून, आणि त्याला यायचं होतं म्हणून.

मीनल माझ्यामागं येऊन उभी राहिली. तिला वाटलं मी रडतेय. मी रडतच होते, पण वर्षभर रडत होते तशी नाही. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, आई, मी चुकले का? मी म्हटलं, नाही गं. मग परसात गेलो दोघी. शेजारच्यांचा कडुलिंब आमच्या भिंतीवर वाकलेला आहे, त्याची एक डहाळी मी ओढली. एक पान तिला दिलं, एक मी घेतलं. कडू होतं. दोघींनी चावून थुंकलं, पाय धुतले आणि घरात आलो.